सैल हातांविरुद्धची फिर्याद

पोकरच्या हलक्या दराच्या ऑनलाइन टेबलांवर, म्हणजे जेथे छोटा ब्लाइंड दहा सेंटांचा आणि मोठा पंचवीस सेंटांचा असतो अशा ठिकाणी, नियमाने हरणाऱ्या आणि तरीही स्वतःस जाणकार म्हणवणाऱ्या मंडळींनी एक फिर्याद फार दिवसांपासून चालवली आहे. फिर्याद अशी की, या टेबलांवर बसणारे लोक मुळी खेळतच नाहीत. हाती कोणतीही पाने येवोत, ते पैसे टाकतात आणि शेवटचे पान उघडेपर्यंत जागचे हलत नाहीत. धाक दाखवावा तर ते भीत नाहीत, हूल द्यावी तर ती त्यांच्या ध्यानातच येत नाही, आणि एक्क्यांची जोडी घेऊन सरळ मार्गाने जावे तर त्यांच्यापैकी कोणीतरी सत्ती-दुर्रीच्या दोन जोड्या जमवून सारा पॉट उचलून नेतो. सबब येथे विद्येला वाव नाही, येथे केवळ नशिबाचा बाजार आहे, आणि ज्याला खरा खेळ खेळायचा असेल त्याने वरच्या दराच्या टेबलावर जावे, कारण तेथे निदान आपल्या रेझला मान मिळतो.

या फिर्यादीतले वस्तुस्थितीचे वर्णन जवळजवळ सर्वस्वी खरे आहे. खोटा आहे तो तीवरून मागितलेला निवाडा. समोरचा मनुष्य वाईट पानांवर पैसे टाकतो हे ज्याला गाऱ्हाणे वाटते, त्याने पोकरमध्ये पैसा कोठून येतो याचा कधी विचारच केलेला नसतो. या खेळात अड्डेवाला पदरचे काहीच देत नाही, उलट प्रत्येक पॉटातून आपली नाल कापून घेतो. तेव्हा जो काही नफा व्हायचा तो टेबलावरच्या इतरांच्या चुकांतूनच व्हायचा, आणि फिर्यादी तर त्या चुकांचीच यादी पुराव्यादाखल जोडून वर नुकसानभरपाई मागतो आहे.

पुढे जाण्यापूर्वी अधिकारक्षेत्राचा मुद्दा उरकून घेतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात रमी हा प्राधान्येकरून कौशल्याचा खेळ ठरवला, आणि तो ठरवताना तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या खात्यात टाकले. पोकर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत राहिले; त्यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांत उलटसुलट मते पडत असतानाच संसदेने २०२५ च्या ऑगस्टात कायदा करून, कौशल्य असो वा नशीब असो, पैसे लावून खेळण्याचे सारे ऑनलाइन खेळ निषिद्ध केले. तेव्हा प्रस्तुत विवेचन पुण्या-नाशिकच्या वाचकाने घरबसल्या अमलात आणावे यासाठी नाही. ते जेथे लागू पडते तो मुलूख न्यू जर्सीसारखा, जेथे २०१३ च्या नोव्हेंबरपासून ऑनलाइन पोकर सरकारी परवान्याने चालते आणि जेथे नोकरीनिमित्त जाऊन स्थायिक झालेली मराठी मंडळीही थोडीथोडकी नाहीत. दिवाळीच्या तीन पत्तीत लवकर पॅक होणाऱ्याची घरच्या माणसांकडून जी थट्टा होते ती लहानपणी सोसलेला मनुष्य पुढे पोकरच्या टेबलावर सैल हाताने बसला, तर त्यात आश्चर्य ते काय?

आता पुरावा तपासू. फिर्यादीचा पहिला आणि लाडका साक्षीदार म्हणजे मोडलेली एक्क्यांची जोडी. पाच जण पाने टाकायला तयार नाहीत, आणि एक्के मार खातात, अशी ही साक्ष आहे. ती खरी आहे, आणि तिचे गणितही उपलब्ध आहे: कोणतीही पाने घेऊन बसलेल्या एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर एक्क्यांची जोडी शंभरांत सुमारे ८५ वेळा जिंकते, आणि तसे पाच प्रतिस्पर्धी असले तर सुमारे ४९ वेळाच. येथवर वाचून फिर्यादी टाळी वाजवतो. परंतु त्याने हिशेबाची दुसरी बाजू मांडलेलीच नाही. समजा, प्रत्येकाने फ्लॉपपूर्वीच एक एक डॉलर टाकला आणि पुढे बेटिंग झालेच नाही. एकाच प्रतिस्पर्ध्याशी गाठ असेल तर पॉट दोन डॉलरांचा, त्यातला आपला सरासरी हिस्सा १ डॉलर ७० सेंट, म्हणजे टाकलेल्या डॉलरमागे सत्तर सेंटांचा नफा. पाच जणांशी गाठ असेल तर पॉट सहा डॉलरांचा. त्याचे शेकडा ४९ म्हणजे जवळजवळ २ डॉलर ९५ सेंट, आणि नफा एका डॉलरमागे १ डॉलर ९५ सेंट. निम्म्याहून अधिक वेळा हरणारा हा डाव पहिल्याच्या पावणेतीनपट फायद्याचा आहे! ज्याने जिंकण्याची संख्या मोजली आणि जिंकलेली रक्कम मोजली नाही, त्याने रोजकीर्दीतल्या ओळी मोजून दुकानाचा नफा ठरवला असेच म्हणायचे.

नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे धावत्या रथातून नुसत्या नजरेने सांगतो, आणि बाहुकाच्या वेषातला नळ रथ थांबवून, खाली उतरून, ती मोजून पाहतो. मोजणी जुळल्यावर मगच तो राजाकडून अक्षहृदय शिकून घेतो. त्याआधी द्यूतात राज्य घालवलेल्या माणसाला आलेले हे शहाणपण आमच्या फिर्यादींच्या वाट्याला का येत नाही, याचे कारण मला स्मृतीच्या पक्षपातात दिसते. एक्क्यांनी शांतपणे मिळवून दिलेले दहा पॉट दहा मिनिटांत विसरले जातात. अकराव्याने दिलेला तडाखा मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावरही आठवत राहतो. त्यातच ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होत असल्यामुळे तडाख्यांची संख्या, प्रमाण न वाढताही, पुष्कळ वाढते.

आणि डावांची संख्या तरी किती पुरेशी? शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड हा या दरावर उत्तम म्हणावा असा नफा गृहीत धरा, आणि चढउताराचे प्रमाण शंभर डावांमागे नव्वद ब्लाइंडांच्या आसपास, म्हणजे नेहमी आढळते तितके, धरा. अशा माणसाने हजार डाव खेळले तर त्याची अपेक्षा पन्नास ब्लाइंडांची, पण चढउतार त्याच्या पाच-सहापट. हजार डावांअखेर तो तोट्यात असण्याचा संभव शंभरांत चाळीसहून अधिक आहे. दहा हजार डावांनंतरही तो तिसाच्या जवळपास राहतो. चार रविवारच्या अनुभवावर ‘येथे विद्या चालत नाही’ असा दाखला देणाऱ्याच्या हाती कसलाही पुरावा नसतो. असतो तो फक्त संताप.

परंतु या पहिल्या साक्षीदारापेक्षा फिर्यादीच्या खेळातला मुख्य दोष अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो बेटिंगच्या हेतूविषयी आहे. पोकरमध्ये पैसे लावण्याचे हेतू मुख्यतः दोन: आपल्यापेक्षा वाईट पाने असणाऱ्याकडून वसुली करणे, किंवा आपल्यापेक्षा चांगली पाने असणाऱ्याला ती टाकायला लावणे. समोरचा माणूस पाने टाकतच नसेल तर दुसरा हेतू समूळ नाहीसा होतो आणि पहिला दुपटीने वाढतो. इतकी साधी गोष्ट कळली म्हणजे बाकीचे जवळजवळ आपोआप कळते. आणि आमचा फिर्यादी नेमके उलट करतो, म्हणजे वसुलीच्या वेळी हात आखडता घेतो आणि धाक दाखवण्याच्या कामी सढळपणे उधळतो.

एक डाव जवळून पाहू. सहा जणांचे टेबल, प्रत्येकापुढे पंचवीस डॉलर. दोघे सैल हाताचे खेळाडू नुसते पंचवीस-पंचवीस सेंट टाकून आत आले आहेत. आपण बटनवर, हाती इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. एरवी साठ-सत्तर सेंटांचा रेझ पुरला असता. येथे दीड डॉलर करावा, कारण हे दोघे दर पाहून माल घेणारे नव्हेत. ब्लाइंडवाले जातात, दोघेही कॉल करतात, पॉट ४ डॉलर ८५ सेंटांचा होतो. फ्लॉपवर बदामची राणी, बदामची अठ्ठी आणि किलवरची तिर्री. आपण ३ डॉलर ६० सेंट लावतो. एक जातो, एक राहतो. पॉट १२ डॉलर ५ सेंट. टर्नला चौकटची दुर्री, निरुपद्रवी. आपण नऊ डॉलर लावतो, तो ते भरतो. रिव्हरला इस्पिकची छक्की. पॉटमध्ये तीस डॉलर आहेत आणि आपल्यापुढे १० डॉलर ९० सेंट उरले आहेत. अभ्यासू गृहस्थ येथे थबकतो, त्याला दोन जोड्या दिसू लागतात, तीन तिर्र्या दिसू लागतात, आणि तो ‘कशाला उगाच’ म्हणून चेक करतो. वास्तविक प्रश्न एवढाच आहे की, या माणसाने कॉल केला तर दोनांत एकाहून अधिक वेळा आपली पाने वरचढ असतील काय. असतील, तर उरलेली रक्कम लावलीच पाहिजे. ती लावली जाते. तो क्षणभरही न थांबता भरतो आणि किलवरची राणी-सत्ती दाखवतो: राणीची जोडी त्याचीही आहे, पण जोडीला सत्ती आहे आणि आपल्याकडे एक्का.

आता हाच डाव हल्लीच्या फॅशनीप्रमाणे, दर वेळी पॉटचा तिसरा हिस्सा लावून खेळा. फ्लॉपवर १.६०, टर्नला २.७०, रिव्हरला ४.५०, एकूण ८ डॉलर ८० सेंट. पहिल्या रीतीने फ्लॉपनंतर त्याच्याकडून २३ डॉलर ५० सेंट आले होते. तोच माणूस, तीच पाने, तोच शेवट, आणि १४ डॉलर ७० सेंटांचा फरक. हा फरक कोणत्याही नशिबाने हिरावून नेलेला नाही. तो फिर्यादीने स्वतः, संकोचाने, टेबलावर ठेवून दिलेला आहे, आणि रात्री हिशेब लागत नाही तेव्हा तो त्याची भरपाई एक्क्यांच्या नावाने मागतो.

येथे दुसरा एक पंथ उठून उभा राहतो. हा पंथ मोठ्या रकमा लावण्याच्या विरुद्ध नाही. उलट तो अतोनात मोठ्या रकमा लावतो, पण हकालपट्टीसाठी. याच डावात समोरच्याजवळ दोन बदामची पाने असतील, कलर होण्याची आशा असेल, तर त्याला टर्नच्या आत बाहेर काढलेच पाहिजे, नाहीतर तो ‘लागून जाईल’, असे यांचे म्हणणे. मोजून पाहू. टर्नला त्याला न दिसलेली ४६ पाने, त्यातली कामाची ९, म्हणजे संभव शेकडा वीसहून किंचित कमी. त्याला भरायचे आहेत ९ डॉलर आणि मिळण्याजोगे आहेत २१. बरोबरी साधायची तर शेकडा तीस हवेत. बरे, कलर लागल्यावर आपण आपले उरलेले १० डॉलर ९० सेंटही दरवेळी न चुकता त्याच्या स्वाधीन करू, असे औदार्य गृहीत धरले तरी त्याला शेकडा बावीस हवेत. तेवढेही त्याच्याजवळ नाहीत. त्याचा प्रत्येक कॉल तोट्याचा आहे आणि तो तोटा आपल्या खात्यात जमा होतो. मग त्याला घालवायचे कशासाठी? पाच वेळा त्याने नऊ नऊ डॉलर भरावेत आणि पाचांपैकी एकदा हसत पॉट न्यावा, हीच आपली इच्छा असली पाहिजे. डेव्हिड स्क्लॅन्स्की याने १९८७ च्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या ग्रंथात या खेळाचे मूलतत्त्व म्हणून जे मांडले त्याचा आशय हाच आहे की, आपली पाने उघडी दिसत असती तर समोरचा जसा वागला असता त्याहून तो निराळा वागला की आपला लाभ होतो. पाने दिसत असती तर त्याने बदाम टाकून दिले असते. तो ते टाकत नाही. लाभ झाला, चेहरा आंबट करण्याचे कारण नाही.

हकालपट्टीवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, कारण त्यांचे मत आकाशातून पडलेले नाही. ते ठरावीक मर्यादेच्या पोकरमधून, म्हणजे लिमिट होल्डेममधून, वारसाहक्काने आलेले आहे. तेथे बेटची रक्कम नियमाने बांधलेली असते. दोन-चार डॉलरांच्या अशा टेबलावर रेझ होऊन पाच जण फ्लॉपला आले की पॉट वीस डॉलरांचा होतो, आणि आपण लावू शकतो फक्त दोन. समोरच्याला दोन भरून बावीस मिळण्याची संधी, म्हणजे अकरास एक. आणि ज्याला सिक्वेन्स पुरा करायला ४७ न पाहिलेल्या पानांतली नेमकी चार हवी आहेत त्याची प्रतिकूलता पावणेअकरास एक. त्याचा कॉल बरोबर आहे! तेथे सैल हातांचा जमाव एकमेकांना खरोखरच तारून नेतो, आणि एकेकट्याची चूक सगळ्यांनी मिळून केली की तिचा लाभ चांगल्या पानांच्या धन्याऐवजी दुसऱ्याच एखाद्या आशाळभूताला पोहोचतो. तेथली तक्रार ऐकून घेण्याजोगी होती. परंतु नो लिमिटमध्ये त्याच वीस डॉलरांच्या पॉटात पंधरा लावण्यापासून आपल्याला कोण अडवते? जुन्या कायद्याखाली दाखल झालेली कैफियत, तो कायदा बदलल्यावरही, तारीख पुसून पुन्हा पुन्हा सादर करण्याचा हा प्रकार आहे. अनेक जण आत असताना एका जोडीने फार दूरवर जाऊ नये, एवढी सावधगिरी या वादातून शिल्लक राहते. ती घ्यावी, आणि पुढे चालावे.

आता हूल देण्याविषयी. हिशेब सोपा आहे: पॉटाइतकी रक्कम लावून हूल दिली तर दोनांत एकदा तरी समोरच्याने पाने टाकली पाहिजेत, अर्धी लावली तर तिनांत एकदा, त्याहून कमी टाकत असेल तर हूल म्हणजे शुद्ध दानधर्म. जो मनुष्य चारांत एकदाही पाने टाकत नाही त्याच्यापुढे तीन टप्प्यांची सुरचित हूल मांडणे म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. आणि तरीही ती वाचली जाते, रोज वाचली जाते, कारण हूल देणे हे पोकरचे वैभव आहे असे पुस्तकांनी आणि चित्रपटांनी मनावर बिंबवलेले असते. आणि हूल पकडली गेली की वाचक गीतेचा नव्हे तर श्रोत्याचा उद्धार करतो.

या ठिकाणी समतोलवादी पंडित आपले वजन फिर्यादीच्या पारड्यात टाकतात. त्यांचे म्हणणे असे की, हूल मुळीच दिली नाही तर आपला खेळ उघडा पडतो. गणकयंत्राने काढलेल्या समतोल नीतीत हुलीचा वाटा ठरलेला आहे, तो दिलाच पाहिजे. हे पंडित ज्या कुलाचे नाव सांगतात त्याचा मूळपुरुष जॉन फॉन नॉयमान. त्याने १९२८ साली खेळांच्या उपपत्तीवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर प्रिन्स्टनहून जो प्रचंड ग्रंथ काढला त्यात पोकरला एक स्वतंत्र विभाग दिला. त्या विभागात हुलीचे जे दोन हेतू सांगितले आहेत त्यातला एक म्हणजे दुर्बळ असताना प्रबळ भासणे. आणि दुसरा असा की, प्रबळ असताना समोरच्याने आपल्याला दुर्बळ समजून पैसे भरावेत, म्हणून त्याच्या मनात शंकेला जागा ठेवणे. आमच्या सैल हाताच्या माणसाला पहिला भास होत नाही, आणि दुसरी शंका त्याच्या मनात जन्मतःच वास करून आहे. जो न बोलावताच पैसे भरतो त्याच्यासाठी जाहिरातीवर खर्च करण्याचे प्रयोजन काय, याचे उत्तर पंडितांनी दिलेले माझ्या वाचनात नाही.

मुळात समतोल नीती ही ढाल आहे. समोरचा सर्वज्ञ असला तरी आपले नुकसान होऊ नये, हे ती साधते. तो अज्ञ असेल तर त्याच्या अज्ञानाचे पुरेपूर मोल वसूल करण्याचे काम तिने कधीच पत्करलेले नाही. पोरे दगड-कागद-कात्री खेळतात, त्यात तिन्ही चिन्हे सारख्या प्रमाणात, कोणत्याही क्रमाशिवाय काढत राहणे ही समतोल नीती. आता समोरचा पोरगा दरवेळी दगडच काढत असेल, तर ही नीती पाळणारा विद्वान संध्याकाळपर्यंत खेळून बरोबरीत घरी येईल, आणि जवळच उभा असलेला दुसरा कोणी अडाणी दरवेळी कागद काढून गोट्यांची पिशवी भरून नेईल. २०१७ साली पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्राटस नावाच्या यंत्राने चार नामांकित व्यावसायिकांना एक लाख वीस हजार डावांत हरवले, हे कोण नाकारतो? पण ते यंत्र ज्यांच्याशी खेळले ते लोक पाने टाकणारे होते, संशय घेणारे होते, स्मरण ठेवणारे होते. पंचवीस सेंटांच्या टेबलावर, निम्म्याहून अधिक डावांत आत शिरणाऱ्या आणि मागच्या डावात काय झाले ते पुढच्या डावात न आठवणाऱ्या माणसासमोर ते आयुध उपसणे, हा त्या यंत्राचाही अपमान आहे.

फिर्यादीच्या गोंधळाचे आणखी एक मूळ असे की, ‘सैल’ या एका सदराखाली तो दोन अगदी भिन्न प्रकृतीची माणसे दाखल करतो. एक शांत: सगळे भरतो, पण आपणहून क्वचितच वाढवतो, खेळाडूंच्या बोलीत तो ‘कॉलिंग स्टेशन’. दुसरा उच्छृंखल: त्याला भरण्यापेक्षा वाढवण्यातच गोडी, आणि हाती काही नसताना अधिक. वर जे सांगितले ते पहिल्यासंबंधी. त्या शांत माणसाने टर्न किंवा रिव्हरला एकाएकी रेझ केला, तर मात्र तो शब्दशः खरा मानावा. वरच्याच डावात टर्नला नऊ डॉलर लावल्यावर त्याने सर्वस्व पुढे सरकवले असते, तर एक्का-राणी निमूटपणे टाकून द्यायची होती; कारण ज्याला हूल समजत नाही तो सहसा हूल देतही नाही, आणि तीन अठ्ठ्या किंवा तीन तिर्र्या त्याच्या हाती आहेत असे समजण्यास पुरेपूर आधार आहे. फिर्यादी येथेच हट्टाने भरतो, हरतो, आणि तो डावही ‘नशिबा’च्या खतावणीत चढवतो.

उच्छृंखलाशी व्यवहार याच्या उलट. त्याच्यासमोर स्वतः बेट लावण्याची घाई नको. आपल्या हाती दश्शीची जोडी, फ्लॉपवर राजा, सत्ती, चौवी, आणि हा गृहस्थ तिन्ही टप्प्यांना पैसे लावीत सुटला आहे. येथे रेझ केला तर त्याची निरर्थक पाने पळून जातील आणि राजा असेल तर तो राहील, म्हणजे चांगले गिऱ्हाईक हाकलून वाईटाशी सौदा करण्यासारखे होईल. नुसते कॉल करत जावे, आणि दोरी त्याच्या हाती राहू द्यावी. एरवी ज्याला मी संकोच म्हणालो तेच मौन येथे वसुलीचे साधन होते. त्याच्या उजव्या हाताला नसून डाव्या हाताला जागा मिळाली, म्हणजे त्याच्यानंतर बोलण्याचा अधिकार आपला असला, तर हे काम फारच सोपे जाते. आणि ऑनलाइन टेबल निवडताना जागा निवडणेही काही ठिकाणी आपल्याच हाती असते, याचा फायदा घेणारे मला फार थोडे दिसतात. फ्लॉपपूर्वीची पानांची निवडही या दोघांसाठी वेगळी करावी लागते, पण त्याचा विस्तार येथे करत नाही. लहान जोड्या स्वस्तात आत न्याव्यात, साडेआठांत एकदा त्यांना तिसरे पान मिळते आणि शांत माणूस त्याची किंमत पुरती मोजतो, एवढे सांगून थांबतो.

राहता राहिला तो वरच्या दराचा सल्ला. रेझला मान मिळतो म्हणून वर जावे, असे म्हणणारा मनुष्य आपल्या मनातले एक गुपित फोडतो: त्याला पैसे नकोत, मान हवा आहे. वरच्या टेबलावर जे लोक पाने टाकतात ते त्याच्या भीतीने टाकत नाहीत. ती टाकणे फायद्याचे असते तेव्हा टाकतात, आणि नसते तेव्हा त्याच्यावरच उलटतात. जो येथे राणी-सत्तीकडून वसुली करू शकला नाही तो तेथे वसुलीचा विषय होईल. शिवाय अड्डेवाल्याची नाल आहेच. या हलक्या दरांवर ती बहुतेक ठिकाणी पॉटच्या शेकडा पाचांच्या आसपास असते, काही कमाल रकमेपर्यंत. आणि फ्लॉप न उघडता संपलेल्या डावाला सहसा माफी असते. सहा आखडत्या हातांची माणसे एकमेकांसमोर बसून लहान लहान पॉटांची देवघेव करत राहिली, तर त्यांच्या कौशल्यातला बारीकसा फरक ही नाल गिळून टाकते आणि सहाही जण तोट्यात उठू शकतात. सैल हाताचा एक मनुष्य त्या टेबलावर असला तरच पॉट मोठे होतात, कमाल मर्यादेमुळे मोठ्या पॉटावर नालेचे प्रमाणही हलके पडते, आणि चांगल्या खेळाडूला काही उरते.

२००३ साली टेनेसीतला ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस ८६ डॉलरांच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत शिरला, ८३९ जणांत पहिला आला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. त्याच्याकडे पाहून जी लक्षावधी माणसे या टेबलांवर आली त्यांना यायला कोणी भाग पाडले नव्हते. ती दिवसभर दुसरी कामे करतात, रात्री पंचवीस डॉलर घेऊन करमणुकीला बसतात, आणि करमणुकीत पाने टाकून बघत राहणे बसत नाही. त्यांना मूर्ख, आंधळे, खेळ बिघडवणारे म्हणून टेबलावरच्या संवादाच्या चौकटीत शिव्या टाइप करणारे आमचे फिर्यादी दुहेरी नुकसान करतात. एक तर सौजन्य सोडतात, आणि दुसरे म्हणजे चिडलेला माणूस एकतर उठून जातो किंवा पुढच्या वेळेपासून पाने टाकायला शिकतो. राणी-सत्ती दाखवणाऱ्याला ‘छान खेळलात’ एवढेच लिहावे, किंवा काहीच लिहू नये, आणि पुढची पाने वाटली जाईपर्यंत त्याने पुन्हा पंचवीस डॉलर पुरे भरून घेतले की नाही ते पाहावे.